ट्रेलरच्या छतावर सोलर: पॅनल निवडीच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार. चँडलर, ॲरिझोना

या हिवाळ्यात ॲरिझोनातल्याच क्वार्ट्झसाइटला ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहायचं तर छतावर सोलर हवंच, हे घरात एकदाचं ठरलं. तिथल्या ला पोसाच्या वाळवंटात बीएलएम, म्हणजे सरकारी जमीन खातं, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल लांब मुक्कामाचे परवाने देतं. जागा अफाट, पण ट्रेलरशेजारी विजेचा खांब नाही की नळ नाही. पाणी टाकीतलं, गॅस सिलिंडरचा, वीज ज्याची त्यानं बघायची. जनरेटर आहे आमच्याकडे. पण सकाळी सातला तो सुरू केला की शेजारची म्हातारी जोडपी आपल्या खुर्च्या आमच्याकडे पाठ करून मांडतात.

पॅनलच्या जाहिराती उघडण्याआधी खर्च मांडला. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून बहुतेक लोक ते गाळतात आणि थेट 'किती वॅटचं घेऊ' इथून सुरुवात करतात.

आमचा फ्रिज १२ व्होल्टवर चालणारा, कॉम्प्रेसरचा. थंडीच्या दिवसांत चोवीस तासांत ६०० वॅट-अवरच्या आसपास खातो. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा सात अँपिअर ओढतो. रात्रभरात मिळून तीन तास फिरला तर २६० गेले. नवऱ्याचं ऑफिस ट्रेलरमधूनच चालणार: लॅपटॉपचे ३६०, इंटरनेटच्या डिशचे २४०. दिवे, पाण्याचा पंप, छतावरचा पंखा आणि गॅसगळतीचा डिटेक्टर (हा दिसत नाही, पण रात्रंदिवस थोडंथोडं खात असतो) मिळून २००. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवण्याचे १५०. मिक्सर ५५० वॅटचा, पण चटणीला पाच मिनिटं पुरतात, म्हणजे जेमतेम ५०. लोक मिक्सरला घाबरतात आणि डिटेक्टर विसरतात.

बेरीज साधारण १,८५० वॅट-अवर. आपल्या भाषेत रोजचं पावणेदोन-दोन युनिट. एसी यात धरलेला नाही आणि धरणारही नाही. छतावरचा एसी दीड किलोवॅटच्या घरात ओढतो. त्याला पुरेल इतकं सोलर या छतावर मावत नाही. उकडलं की डोंगरावर जायचं.

बॅटऱ्या गेल्या वर्षीच बदलल्या आहेत: १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट, मिळून अडीच युनिट. शून्य अंशाखाली त्या चार्ज करायच्या नसतात, म्हणून पुढच्या दांड्यावरून काढून आत पलंगाखाली ठेवल्या आहेत.

१५ सप्टेंबर

आज छतावर. छत पांढऱ्या टीपीओचं (रबरासारख्या प्लास्टिकचं पातळ कातडं), त्यावर गुडघ्यांवरच सरकायचं. रुंदी कडेची गोलाई सोडून २२० सेंमी. पुढच्या टोकापासून बेडरूमच्या व्हेंटपर्यंत २४० सेंमी सलग मोकळं. त्यानंतर व्हेंट, एसी, बाथरूमचं स्कायलाइट, सांडपाण्याच्या टाकीची नळी, पंखा, अँटेना अशी रांग. मागे पुन्हा १४० सेंमी मोकळं, पण अँटेनाच्या सावलीत.

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा जपून ठेवला होता, त्यातून खऱ्या मापाची पॅनल कापली. घरांच्या छतावर बसतं ते ४०० वॅटचं मोठं माप (१७२ × ११३ सेंमी) आणि आरव्हीच्या (अशा राहायच्या गाड्या-ट्रेलरच्या) दुकानात मिळतं ते २०० वॅटचं लांबट माप (साधारण १४८ × ६८). कागदावर सगळंच मावतं. पुठ्ठा अंथरला की व्हेंटचं झाकण उघडताना पॅनलवर आपटतं हे कळतं. तसंच पुढेमागे सीलंट दुरुस्त करायला माणूस जाणार कुठून, हेही कळतं.

डिसेंबरची सावली सप्टेंबरात दिसत नाही, ती गणिताने काढली. आमचा अक्षांश साडेतेहेतीस. २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य इथे क्षितिजापासून फक्त ३३ अंशांवर असतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ वर असतो, त्यामुळे 'दुपारचं ऊन डोक्यावर' हा आपला हिशेब इथल्या हिवाळ्याला लागू नाही. एसीची उंची ३३ सेंमी. दुपारी त्याची सावली ५० सेंमी पडणार. सकाळी नऊला सूर्य जेमतेम १५ अंशांवर असेल, तेव्हा १२३ सेंमी. शिवाय घर जागेवर असतं, ट्रेलर रोज वेगळ्या दिशेला तोंड करतो, म्हणजे सावली कुठल्याही बाजूला पडू शकते. निळी चिकटपट्टी घेऊन एसीभोवती दोन रिंगणं आखली: ५० सेंमीच्या आत काहीही बसवायचं नाही, १२३ च्या आत बसवलं तर सकाळवर पाणी सोडायचं.

रिंगणं आखल्यावर छत निम्मं झालं. पुढचे २४० सेंमी हीच काय ती खरी जागा.

२१ सप्टेंबर

पर्यायांचा दिवस.

चिकटवायचं लवचीक पॅनल पहिल्या फेरीतच बाद. वजन नाही, भोकं नाहीत, दिसायलाही छान. पण ते छताला घट्ट चिकटतं, खालून वारा नाही, आणि इथल्या उन्हाळ्यात सावलीतच ४५ अंश असतात. सिलिकॉनचं पॅनल तापलं की दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वॅट गमावतं. सेल ७० अंशांवर गेला की २५ अंशांच्या छापील आकड्यातून सोळा टक्के कमी. काचेचं पॅनल दोन-तीन बोटं वर बसवलं तर निदान खालून हवा खेळते. आणि चिकटवलेलं पॅनल मेलं की काढताना छताचं कातडं सोबत येणार.

दुपारी शहराच्या कडेला जुन्या पॅनलच्या वखारीत गेलो. मोठ्या सोलर प्रकल्पांतून आणि घरांवरून उतरवलेला माल थप्प्या लावून ठेवलेला. २५० वॅटची, साठ सेलची पॅनल अगदी किरकोळ भावात. मल्टीमीटर नेला होता. ऊन लख्ख होतं. दोन टोकांमधला व्होल्टेज ३६ च्या वर, शॉर्ट करून करंट आठ अँपिअरच्या पुढे. मालात खोट नव्हती. पाठीमागचा पांढरा थर पिवळा पडलेली, सेलवर गोगलगाय फिरल्यासारख्या रेघा उमटलेली पॅनल बाजूला काढून बघितली, तीही बऱ्यापैकी वीज देत होती.

तरी घेतली नाहीत. जुनं पॅनल चौरस मीटरला दीडशे वॅट देतं, नवीन दोनशेच्या पुढे. शेतात किंवा गोठ्याच्या पत्र्यावर बसवायची असती तर डोळे मिटून जुनी उचलली असती, तिथे जागेला तोटा नाही. इथे जागाच महाग आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

भावजींना व्हिडिओ कॉल. ते तासगावकडे सौर कृषिपंप बसवतात, आणि यंदा मागणी इतकी की रविवारीसुद्धा शेतातच होते. मागे द्राक्षाचा मांडव, हातात पाना.

मी आरव्हीच्या २०० वॅटच्या चार पॅनलचा बेत सांगितला, समोरासमोर जोडायचा, म्हणजे पॅरललमध्ये. ते म्हणाले, "वहिनी, वॅट नंतर बघा. पॅनलचा व्होल्ट किती?"

"चालू असताना अठरा."

"आणि बॅटरी भरायला चौदा लागणार. मग सावली आली की उरलं काय?"

खोच इथेच आहे. बहुतेक पॅनलमध्ये तीन बायपास डायोड असतात. एका भागावर सावली पडली की तो तिसरा हिस्सा डायोड बाजूला काढतो आणि पॅनलचा व्होल्टेज तेवढा उतरतो. १८ व्होल्टच्या पॅनलचे १२ झाले की १२ व्होल्टच्या बॅटरीत त्यातून काहीच जात नाही; दोन हिस्से उन्हात असूनही पॅनल बसून. घरांच्या छतावरचं मोठं पॅनल ३१ व्होल्टवर चालतं. त्याचा तिसरा हिस्सा गेला तरी वीस उरतात, आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलचा जास्तीचा व्होल्टेज बॅटरीला हवा तेवढा करून देणारी पेटी) त्यातून चौदा काढतो. दोन एकामागे एक जोडली तर ६२ व्होल्ट. मग हिस्सा गेला काय आणि अर्धं पॅनल गेलं काय, चार्जिंग चालू राहतं.

"आमच्याकडे तीन एचपीला नऊ-नऊ पॅनल एका माळेत घालतो," ते म्हणाले. "तुम्ही दोनाला कशाला घाबरताय? फक्त तार जोडताना कनेक्टर उन्हात ओढू नका. डीसीची ठिणगी विझत नाही."

एसीवाल्या छतावर सावली येणारच, तेव्हा व्होल्ट जास्त असलेला बरा. यानंतर १२ व्होल्टचा शिक्का मारलेली (म्हणजे ही अठरावालीच) सगळी पॅनल यादीतून गेली. त्यांचा वॅटचा भावही घरगुती पॅनलच्या दुप्पट होता, 'आरव्ही' या दोन अक्षरांपायी.

१२ ऑक्टोबर, दसरा. मोगॉलॉन रिम

पेसन गावाच्या वर, डोंगरकड्यावरच्या रिम रोडला, दोन हजार मीटरच्या पुढे. टूलबॉक्सला आणि ट्रेलरच्या चाकाला झेंडू वाहिला, सोनं म्हणून ओकची पानं वाटली.

इथे उलटा प्रश्न आहे. वाळवंटात ऊन मुबलक आणि सूर्य बुटका. इथे पाँडेरोसा पाइन वीस-पंचवीस मीटर उंच. गारव्यासाठी आलो तर ट्रेलर सावलीतच लावणार, मग छतावर हजार वॅट असले तरी काय उपयोग? म्हणून ओळखीतल्या एकांकडून घडीचं २०० वॅटचं पॅनल आणलं होतं, पेटीसारखं उघडणारं, जमिनीवर उभं करायचं.

आधी पोर्ट तपासलं. ट्रेलरच्या अंगावर 'सोलर' लिहिलेला छोटा सॉकेट असतो, त्याची धन-ऋण टोकं सगळीकडे सारखी नसतात. काही कंपन्यांची नेहमीच्या रिवाजाच्या उलट असतात. बॅटरी जोडलेली असताना मीटर लावला. आमचंही उलटच निघालं. एक उलटा जोडतुकडा मिळतो, तो लावला. प्लग बसतो म्हणजे जोड बरोबर, हे इथे धरून चालायचं नाही.

मग दुसरी गंमत. या पॅनलला कंट्रोलर पाठीवरच लावलेला. ऊन शोधत ते दहा मीटर लांब नेलं, सोबतची तार १४ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). जाऊन-येऊन वीस मीटर तांबं, त्यात दहा अँपिअर गेले की दीड व्होल्टहून जास्त वाटेतच खलास. कंट्रोलर आपल्या टोकाशी १४ व्होल्ट बघतो आणि बॅटरी भरत आली असं समजून हात आखडतो. इकडे बॅटरीला साडेबारासुद्धा पोचत नाहीत. मीटर दोन्ही टोकांना लावून बघितलं, फरक तेवढाच आला.

म्हणजे घडीचं पॅनल घ्यायचं झालं तर कंट्रोलरशिवायचं, कंट्रोलर आत बॅटरीशेजारी आणि तार १० गेजची. शिवाय उन्हाच्या कवडशामागे ते दिवसभर सरकवावं लागतं. मी दोनदा सरकवलं, मग पुस्तक घेऊन बसले. त्या दिवसाचं उत्पन्न माझ्या आळसाच्या प्रमाणात आलं.

१९ ऑक्टोबर

निर्णय. छतावर घरगुती मापाची दोन पॅनल, प्रत्येकी ४०० वॅट, सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली, पुढच्या मोकळ्या जागेत आडवी.

डिसेंबरात फिनिक्सच्या पट्ट्यात सपाट पॅनलला दिवसाला साधारण तीन तासांचं पूर्ण ऊन मिळतं. ८०० × ३, त्यातून तार, उष्णता, धूळ, कंट्रोलर यांचे वीस-बावीस टक्के वजा: सुमारे १,८७०. खर्च १,८५०. काठावर पास.

पॅनल तिरकी करायची सोय केली तर निम्म्या वॅटमध्येही बरंच भागेल, कारण सूर्याकडे तोंड केलं की तीनाचे पाच तास होतात. बरेच लोक तसं करतातही. पण त्यासाठी प्रत्येक मुक्कामाला शिडी लावायची, वारा सुटला की पुन्हा चढून पॅनल पाडायची, आणि निघताना विसरलं तर महामार्गावर शीड लावून जायचं. आम्ही दोघं पन्नाशीत. छतावर जाणं जितकं कमी तितकं बरं, त्याची किंमत म्हणून दुसरं पॅनल घेतलं असं समजते.

थंडीचा हिशेब भावजींनी बजावून करायला लावला. पॅनल गार पडलं की व्होल्टेज चढतो. एकाचा मोकळा (काही न जोडता मोजलेला) व्होल्टेज ३७.२, दोघांचा ७४.४. उणे २० अंशांची, डोंगरावरच्या फ्लॅगस्टाफची पहाट धरली तर बारा टक्के वर, ८३ च्या आसपास. १०० व्होल्टच्या कंट्रोलरला चालतं. तिसरं पॅनल त्याच माळेत घातलं असतं तर १२५, आणि कंट्रोलर एका थंड सकाळी जळाला असता. कंट्रोलर १०० व्होल्ट, ५० अँपिअरचा. तो १२ व्होल्टच्या बॅटरीला ७०० वॅटपर्यंतच देतो. सपाट पॅनल हिवाळ्यात त्याच्या जवळपासही जात नाहीत, उन्हाळ्यात तापून तेवढीच उरतात, म्हणून पुढचा महागडा कंट्रोलर घेतला नाही.

सिरीजचा आणखी एक फायदा तारेत. ६२ व्होल्टला १३ अँपिअर; सहा मीटर १० गेजमध्ये अर्धा व्होल्ट जातो, एक टक्काही नाही. पॅरललमध्ये त्याच तारेत तिप्पट-चौपट टक्के गेले असते.

दुहेरी काचेचं, दोन्ही बाजूंनी वीज देणारं पॅनल दुकानदार फार आग्रहाने दाखवत होता. पाठ छताकडे असताना दुसऱ्या बाजूला काय दिसणार? साधं एक काचेचं घेतलं, प्रत्येकी साडेएकवीस किलो. दाराशेजारच्या पिवळ्या स्टिकरवर ट्रेलर किती माल पेलतो ते लिहिलेलं असतं. सामानासकट पन्नासेक किलो त्यातून वजा केले.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीत पॅनल येऊन पडली होती, फराळ संपल्यावर काम काढलं.

सगळ्यात अवघड गोष्ट वीज नव्हे, ते ताट वर नेणं. दोन शिड्या समांतर लावल्या, पॅनल त्यांच्यावरून घसरगुंडीवर चढवावं तसं वर सरकवलं. नवरा छतावरून पट्टा ओढतोय, मी खालून रेटतेय. वाऱ्याचा दिवस असता तर केलं नसतं.

घरगुती पॅनलची चौकट एका जागी बसण्यासाठी बनवलेली असते, ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यासाठी नाही. म्हणून चार कोपऱ्यांना चार क्लिप एवढ्यावर भागवलं नाही. छताच्या आडव्या वाशांचे स्क्रू ताकदवान चुंबकाने शोधले, त्या ओळीत ॲल्युमिनियमचे दोन आडवे पट्टे टाकले, आणि पॅनल पट्ट्यांवर सहा-सहा जागी कसली. वाशात स्क्रू गेला की ड्रिलचा आवाज बदलतो, नुसत्या प्लायवूडमध्ये तो फुसकन आत जातो. प्रत्येक भोकात आधी सीलंट, मग स्क्रू, मग वरून पुन्हा सीलंट. टीपीओला चालणारं, आपोआप पसरणारं सीलंट वेगळं येतं. साधा सिलिकॉन इथे धरत नाही आणि नंतर त्याच्यावर दुसरं काही चिकटतही नाही. नट सगळे आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्याने न सुटणारे.

पॅनल एका कडेला सरकवून बसवली, म्हणजे दुसऱ्या बाजूने माणूस सरकेल.

१० नोव्हेंबर

तार फ्रिजच्या मागच्या पोकळीतून खाली. पॅनल आणि कंट्रोलरमध्ये डीसी ब्रेकर, कंट्रोलर आणि बॅटरीमध्ये फ्यूज. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, काढताना उलट. ब्रेकर चढवला, दिवा लागला. तासाभरात संपलं.

२१ डिसेंबर, शनिवार. क्वार्ट्झसाइट

वर्षातला सर्वांत लहान दिवस, परीक्षेचा पेपर. आकाश स्वच्छ. ट्रेलरचं तोंड पश्चिमेला.

साडेसातनंतर सूर्य उगवला, बॅटरी ४१ टक्के. नऊला ११० वॅट. मागच्या पॅनलच्या कोपऱ्यावर उघड्या व्हेंटच्या झाकणाची सावली होती. झाकण बंद केलं, १४५ झाले. हा कोपरा मला ठाऊकच नव्हता, झाकण उघडं असताना २० सेंमी उभं राहतं. साडेबाराला सर्वांत जास्त, ४२५ वॅट. आठशेची पॅनल आणि सव्वाचारशे, हे पाहून नवऱ्याचा चेहरा पडला, पण ३३ अंशांच्या सूर्याखाली सपाट पॅनलला याहून जास्त मिळत नाही. संध्याकाळपर्यंत एकूण १.९ युनिट. खर्च १.८. बॅटरी दिवसाअखेर काल होती तिथेच.

शेजारच्या आजोबांकडे २०० वॅटचं एकच पॅनल, खुर्चीला टेकवून ठेवलेलं. ते दिवसातून तीनदा ते फिरवतात आणि त्यांचं भागतं, कारण त्यांच्याकडे लॅपटॉप नाही.

२६ डिसेंबर

दोन दिवस ढग. काल दिवसभरात ०.६ युनिट, आज ०.७. रात्री हीटर चालला, बॅटरी २४ टक्क्यांवर आली. दुपारी दोन तास जनरेटर लावला, सगळे जागे असताना. त्याआधी ओल्या फडक्याने पॅनल पुसली होती. कच्च्या रस्त्याची धूळ इतकी बारीक बसते की खालून दिसत नाही, बोट फिरवलं की रेघ उठते.

प्रवासानंतर सगळे नट पाना लावून पाहिले होते, एकही ढिला नव्हता. मागच्या १४० सेंमीत आणखी काही बसवायचं नाही. पुढची खरेदी: जमिनीवरचं २०० वॅटचं, काचेचं, कंट्रोलरशिवाय, १० गेजची बारा मीटर तार आणि त्याच्यासाठी वेगळा छोटा कंट्रोलर, कारण १८ व्होल्टचं पॅनल ६२ व्होल्टच्या माळेत मिसळता येत नाही. मे महिन्यात रिमवर जायच्या आधी हे लावायचं. भावजींना आजचे आकडे पाठवले, उत्तर आलं, "ढगात आमचा पंपपण बसतो वहिनी. झाकणाची सावली बघा आधी."